तलावाची रेघ कुठे सुटली?

गोंदिया जिल्ह्याचा नकाशा गिरवायचा तर काम तलावांपासून सुरू होतं. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही मोठी नावं झाली. शिवाय गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सरकारी कागदांतले ‘मामा तलाव’, आणि लहान बोड्या. स्कॅन केलेल्या नकाशावर काठ गिरवत पूर्ण फेरी मारली, तरी शेवटचं टोक पहिल्याला मिळालं का, हे पाहायचं राहून जातं.

रंगावर विसंबू नका

इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर उघड्या आकृतीतही रंग भरतं. दोन टोकांमध्ये सरळ रेघ आहे असं ते धरून चालतं. तलाव निळाशार दिसतो आणि चूक झाकली जाते. कोरलड्रॉ एरवी उघड्या रेघेत रंग भरत नाही, हे बरंच म्हणायचं. इंकस्केपच्या बादलीने रंग ओतला, तर मात्र धुरा फुटलेल्या बांधीतल्या पाण्यासारखा तो बाहेर वाहतो. बादलीला लहान फटी बुजवायला सांगता येतं, पण त्यातून नवी आकृती तयार होते; मूळ रेघ उघडीच राहते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघांचे बहुभुज करणारी साधी आज्ञाही उघडी रेघ परस्पर सरळ जोडते. काठाचा वळणदार भाग गिरवायचा राहिला असेल, तर तलावाचं क्षेत्रफळच चुकतं.

टोकं शोधताना

रंग काढून नुसती बाह्यरेषा ठेवा. इंकस्केपमध्ये रेघेच्या आरंभाला आणि शेवटाला वेगवेगळी चिन्हं द्या: बंद रेघेत दोन्ही एकाच बिंदूवर येतात, फट असेल तर वेगळी पडतात. क्यूजीआयएसच्या टोपॉलॉजी चेकरमध्ये लोंबती टोकं पकडणारा नियम आहे.

सर्वांत फसवी जागा म्हणजे एकावर एक बसलेले दोन नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू. कितीही मोठं करून पाहिलं तरी फट दिसत नाही. तिथला एक नोड जरा ओढून पाहा. रेघ सुटली तर चोर सापडला. मग कंट्रोल-झेड.

जोडताना

इंकस्केपमध्ये दोन्ही टोकं निवडून शिफ्ट-जे दाबलं की त्यांचा एक नोड होतो. ऑल्ट-जे दाबलं तर टोकं जागेवर राहून मध्ये नवा तुकडा येतो. फट मोठी असेल तर दुसराच उपाय बरा, कारण पहिल्यात काठ सरकतो. कोरलड्रॉमध्ये टोकं दोन वेगळ्या रेघांची असतील, तर आधी कंट्रोल-एलने त्या एकत्र कराव्या लागतात.

किती अंतरापर्यंतची टोकं आपोआप जोडायची, तो आकडा लहानच ठेवा. मोठा ठेवला तर शेजारची बोडीही तलावाला चिकटते.

न जोडायची टोकं

कालवा बंद करायचा नसतो. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं शेताकडचं टोक उघडंच राहणार. कागदाबाहेर जाणाऱ्या बाघ नदीचंही तसंच. तलाव दोन पानांत विभागला असेल, तर आधी दोन्ही पानं जुळवा, मगच काठ गिरवा. दुसरं पान हाताशी नसेल, तर कागदाच्या कडेने रेघ बंद करून तेवढा भाग वेगळ्या थरात तुटक रेघेने दाखवा; पुढचा माणूस त्याला काठ समजणार नाही.