दात्रकोशिका रोगातील वेदना, खानदेशातील

दात्रकोशिका रोग (सिकलसेल) या आनुवंशिक रक्तविकारात वारंवार उद्भवणाऱ्या आणि पुष्कळदा कायमच्या होऊन बसणाऱ्या वेदना. महाराष्ट्रात हा रोग विदर्भाप्रमाणे खानदेशातही आढळतो. तेथे तो मुख्यत्वे भिल्ल, पावरा इ. आदिवासी जमातींत असून धुळे व जळगाव जिल्ह्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके, तसेच १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात मोडणारा नंदुरबारचा प्रदेश या जमातींच्या वस्तीचा आहे.

रोगाचे मूळ हीमोग्लोबिनात आहे. त्याच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन कमी पडताच असे हीमोग्लोबिन तंतुरूपाने गोठते आणि तांबडी कोशिका विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा कोशिका सूक्ष्म वाहिन्यांत अडकल्या म्हणजे पुढील ऊतकाचा रक्तपुरवठा तुटतो व असह्य कळा येतात. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५% असते. वाहकास सहसा वेदना होत नाहीत.

तान्ह्या मुलांत हातापायांची बोटे सुजतात. मोठेपणी पाठ, छाती, मांड्या व सांधे दुखतात. थंडी, ताप, अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे ही नेहमीची निमित्ते होत. खानदेशातील कडक उन्हाळ्यात शेतमजुरी करणाऱ्यास किंवा हंगामी ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्यास यांपैकी एकही टाळणे सोपे नाही.

काहींच्या बाबतीत दोन झटक्यांमधील मोकळे दिवस हळूहळू नाहीसे होतात. मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मृत होऊन रुग्ण लंगडू लागतो. दीर्घकाळ आलेल्या वेदनासंवेदांमुळे मज्जासंस्थाही अतिसंवेदनशील बनते व नवीन इजा नसतानाही दुखणे चालू राहते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस चिरकारी म्हणतात. तिचे मापन करणारे यंत्र नाही; रुग्ण सांगतो तोच पुरावा. सूज दिसत नाही म्हणून त्यास आळशी किंवा ढोंगी ठरविणे ही घरात व दवाखान्यातही घडणारी चूक आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक टिकत असल्याने रोग सौम्य असतो, असे पूर्वी मानीत. पण अनेकांच्या वेदना मुळीच सौम्य नसतात.

झटक्यात पुरेसे पाणी, ऊब, पॅरासिटामॉल व गरजेनुसार मॉर्फीन देतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फीन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी खेडोपाडी ते सहज मिळत नाही. हायड्रॉक्सियूरिया नियमित घेतल्यास झटक्यांची संख्या घटते, मात्र त्यासाठी रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते. अस्थिमज्जारोपणाने रोग बरा होऊ शकतो. खर्च व जुळणारा दाता या त्यातील अडचणी आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा समावेश झाला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. त्याचा भर तपासणीवर व वाहकांच्या समुपदेशनावर आहे; ज्यांस रोग आधीच जडला आहे त्यांना वेदनाशामक औषध गावाजवळ मिळणे हा निराळा प्रश्न होय.