टाकीतल्या शेणात रोगजंतू का टिकत नाहीत?

बदनावरकडच्या माळव्यात गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी दिसली, तर बाहेर पडणारी स्लरी जरा वाकून पाहावी. ताज्या शेणाचा दर्प तिला नसतो, माश्याही फारशा घोंघावत नाहीत. वासाबरोबर साल्मोनेला, ई. कोलाय असे रोगजंतूही बरेच घटलेले असतात. कशामुळे?

हवा नाही म्हणून, असं पटकन वाटतं. पण हे दोघे हवेविनाही जगतात. गुरांच्या आतड्यात तरी कुठे वारा खेळतो? खरी मारामारी अन्नाची. आम्लं करणारे आणि मिथेन करणारे जिवाणू टाकीतल्या पंगतीला आधीच मांडी ठोकून बसलेले असतात. उशिरा आलेल्या रोगजंतूंच्या पानात फारसं काही पडत नाही. शिवाय आम्लं आणि अमोनिया त्यांना बाधतात. टाकी 35 अंशांच्या आसपास असेल तर घट व्हायला दिवस-आठवडे लागतात, 55 अंशांना काही तासही पुरतात. आपल्या टाक्या तापवलेल्या नसतात, म्हणून मध्य प्रदेशात शेण सुमारे 40 दिवस आत राहील असं माप धरतात. माळव्याच्या थंडीत काम आणखी मंदावतं.

तरी क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू आणि जंतांची अंडी चिवटपणे उरतातच. ओली स्लरी उभ्या कोथिंबिरीवर न ओतता पेरणीआधी मातीत मिसळलेली बरी.

आणखी एक गोम आहे. आज टाकलेलं शेण उद्याच बाहेर पडलं तर सगळंच फुकट. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या तरंगत्या ड्रमच्या मोठ्या टाकीत मधोमध भिंत असते ती त्यासाठीच. शेणाला ती ओलांडूनच पलीकडे जावं लागतं.