मुंढव्याची भट्टी, कुदळवाडीचा काटा

चाकणच्या प्रेसशॉपमध्ये मोटारीचा दरवाजा डायखाली दाबला की खिडकीच्या जागेचा पत्रा कापला जाऊन खालच्या पट्ट्यावर पडतो. गाडीची बॉडी बनवताना शंभर किलो पत्र्यातले चाळीसेक किलो असेच बाजूला जातात. यंत्र त्यांचे दाबून ठोकळे करतं. बाजारात त्याला ‘बंडल’ म्हणतात. याला भंगार म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. ना रंग, ना गंज, आणि कोणत्या ग्रेडचा पत्रा ते कागदावर लिहिलेलं. हा माल उचलण्याच्या कंत्राटावरून या पट्ट्यात दादागिरी झाली, खंडणीचे गुन्हे दाखल झाले. कचऱ्यासाठी कोणी डोकी फोडत नाही.

भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधून निघणारं टर्निंग-बोरिंग मात्र वेगळं. लेथवर सकाळी साधा रॉड लागतो, दुपारी निकेल-क्रोमचा, आणि संध्याकाळी एकाच पिंपात दोन्हींचा चुरा. मिसळला की भाव पडला. या धंद्यातली सगळी कमाई माल वेगळा ठेवण्यात आहे. मुरलेला भंगारवाला तुकडा ग्राइंडरला लावतो आणि ठिणगी बघतो. कार्बन जास्त असेल तर ठिणगी फुलबाजीसारखी टोकाला फुटते; बिडाची आखूड, लालसर पडते. हल्ली हातात धरायची एक्स-रे ‘गन’ आली आहे. ती निकेल, क्रोमियम, तांबं क्षणात सांगते, पण कार्बन तिला दिसत नाही. तिथे अजून ठिणगीच कामाला येते.

माल ओळखण्याचं हेच काम मोठ्या प्रमाणावर कसं होतं, ते बघायला मुंढव्याला जावं लागतं. तिथल्या भारत फोर्जची स्थापना नीळकंठराव कल्याणींनी १९६१ साली केली. त्यांचे चिरंजीव बाबा कल्याणी बेळगावच्या मिलिटरी स्कूलमध्ये आणि पिलानीला शिकून अमेरिकेत एमआयटीला गेले, आणि १९७२ मध्ये परतून कंपनीत रुजू झाले. तेव्हाचं फोर्जिंग म्हणजे हातोडा, धूर आणि अंगमेहनत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कल्याणींनी जर्मनीहून १६,००० टनी प्रेस आणवली आणि शॉपफ्लोअरवर इंजिनिअर उभे केले. कंपनीच्या तेव्हाच्या आकाराच्या मानाने तो डाव भलताच मोठा होता. पुढे जर्मनीतली पेडिंगहाउस कंपनी विकत घेतली, २००८ मध्ये पद्मभूषण मिळालं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे.

पोलादाची बाजू कमी सांगितली जाते. क्रँकशाफ्ट ठोकताना साच्याच्या कडेने धातू बाहेर येतो. त्याला फ्लॅश म्हणतात, आणि त्याचा वाटा वीस टक्क्यांच्या वर सहज जातो. म्हणजे फोर्जिंगवाला जेवढा मोठा, तेवढा त्याच्याच दारात उत्तम प्रतीच्या भंगाराचा ढीग मोठा. अशा माणसाने पोलादासाठी कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघावं? कल्याणी स्टील्स १९७३ मध्ये निघाली. अमेरिकेच्या कार्पेंटर कंपनीशी भागीदारीतून चाललेला मुंढव्याचा खास पोलादाचा कारखाना आज ‘सारलोहा’ या नावाने समूहात आहे. तिथे विद्युत-चाप भट्टीत, म्हणजे ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडमधून उडणाऱ्या ठिणगीच्या उष्णतेवर, भंगार वितळवून मिश्र पोलाद करतात.

याच पोलादाला डिसेंबर २०२२ मध्ये ‘कल्याणी फेरेस्टा’ असं नाव देऊन हरित पोलाद म्हणून बाजारात आणलं. भट्टी जुनी, भंगारही जुनं; नवी होती ती अपारंपरिक स्रोतांची वीज आणि कार्बनचा हिशेब लेखी मागणारं गिऱ्हाईक. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्याच ठरवून टाकली: एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड, आणि १.६ च्या खाली उतरलात तर पाच तारे. खनिज आणि कोळशावर चालणाऱ्या झोतभट्टीला हा आकडा अवघड. २०१९ च्या भंगार धोरणातच सरकारने मांडलं होतं की एक टन भंगार वापरलं तर १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो.

मग सगळ्यांनी भंगारच वितळवावं की! इथे अडचण येते. प्रेसशॉपमध्ये पत्र्याची मांडणी आता संगणक करतो, म्हणजे कारखाना जितका हुशार तितकं बंडल कमी. वाढणारा साठा आहे तो जुन्या गाड्यांचा, आणि त्यात तांबं असतं. साध्या मोटारीत वीसेक किलो, विजेवरच्या मोटारीत त्याच्या काही पट. जस्ताचा मुलामा भट्टीत वाफ होऊन उडतो. तांबं मात्र ऑक्सिजनने जळून मळीत जात नाही, पोलादातच राहतं. असं पोलाद तापवून ठोकलं की पृष्ठभागाला चिरा पडतात. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांतून निघणाऱ्या सळईला थोडं तांबं खपून जातं, क्रँकशाफ्टला खपत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून नव्या नियमांनी गाड्या बनवणाऱ्यांवर जुन्या गाड्यांतलं पोलाद पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी टाकली. पहिल्या पाच वर्षांसाठी उद्दिष्ट किमान ८ टक्के. त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारीत, पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीतली चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. त्यात मुख्यतः भंगाराची गोदामं होती. ती अनधिकृत होती, आगी लागत होत्या, धूर आजूबाजूच्या वस्तीत जात होता. महापालिकेची बाजू खोटी नव्हती. पण गोदामांबरोबर माल निवडणारे हातही पांगले, आणि त्यांना बसायला दुसरी जागा आधी द्यायला हवी होती, असं माझं मत आहे. गाडी अख्खीच्या अख्खी श्रेडरमध्ये घातली तर वायरिंग लोखंडात गुंततं. आधी हाताने ओढून काढलं तर तांब्याला लोखंडाच्या कित्येक पट भाव मिळतो, काढणाऱ्याची मजुरी त्यातच सुटते, आणि खाली उरतं ते पोलाद मुंढव्याच्या भट्टीला चालतं.