गोवत्सद्वादशी आणि मांडव्य ऋषींचा प्रश्न

आश्विन वद्य द्वादशी म्हणजे गोवत्सद्वादशी, आपल्या घरोघरची वसुबारस. दीपावलीचा पहिला दिवा या दिवशी लागतो आणि तो लागतो गोठ्याच्या दाराशी. सायंकाळी अंगणात सडा-रांगोळी होते, सवत्स धेनू पुढे आणली जाते, सुवासिनी तिच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, गळ्यात फुलांची माळ घालतात आणि गाय-वासराला एकत्र ओवाळतात. व्रतस्थ स्त्रिया या दिवशी गाईचे दूध, दही, तूप घेत नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपवास सोडतात. निदान एक दिवस वासराच्या वाट्याचे वासराला मिळावे, असा या व्रताचा हृद्य भाव आहे. पूजा एकट्या गाईची नाही, गाय आणि वासरू यांच्यामधल्या नात्याची आहे.

परंतु वाचकहो, ज्या दिवशी सायंकाळी आपण हे नाते पूजतो, त्याच दिवशी दुपारी आपल्या डोळ्यांदेखत काय चालते? दीपावलीची सुटी लागलेली असते. नातवंडे शहरातून गावी आलेली असतात. जेवणे उरकली की त्यांना ‘रान दाखवायला’ नेले जाते. मग बांधावर बसून रवंथ करणारी म्हैस कोणी खडा मारून उठवतो, कोणी वासराला पळवतो, कोणी कोंबड्यांच्या घोळक्यात धाव घेतो, तर कोणी शेळीच्या करडाला उचलून तिच्यापासून दूर नेतो. बरोबरची वडीलधारी मंडळी हसतात आणि म्हणतात, “खेळू द्या, मुले आहेत.” हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि एकदा ते ऐकून गप्पही राहिलो आहे. त्या गप्प राहण्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

एका दुपारची गोष्ट

सन २०१४ मधील वसुबारस. कृष्णाकाठच्या एका गावी माझे दोन दिवसांचे कीर्तन होते. ज्या सधन शेतकऱ्याच्या घरी उतरलो होतो, त्यांची मुले-नातवंडे पुण्यामुंबईहून आली होती. दुपारी सारे शिवारात निघाले, मीही गेलो. सोयाबीन निघालेल्या एका वावरात धनगराचा वाडा उतरला होता. रब्बीच्या पेरणीपूर्वी रानात मेंढ्या बसवाव्यात, त्यांच्या लेंडीखताने जमिनीला कस यावा आणि मोबदल्यात धनगराला धान्य मिळावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

मेंढ्या पाहताच मुलांना आनंदाचे भरते आले. टाळ्या पिटीत, किंकाळ्या फोडीत ती कळपात शिरली. मेंढ्यांचा स्वभाव असा की एक उधळली की सगळ्या उधळतात. सारा कळप एका कोपऱ्यात बाभळीच्या काट्यांच्या कुंपणावर जाऊन आदळला. मुलांना ती गंमत वाटली. त्यांनी फिरून दुसऱ्या बाजूने तोच खेळ केला, तिसऱ्यांदाही केला. आईबाप मोबाईलवर चित्रे घेत होते. राखणीला त्या वेळी एक म्हातारी तेवढी होती. ती हात वर करून काही म्हणत होती, पण रानाच्या मालकाची नातवंडे म्हणून तिचा आवाज चढत नव्हता. मी हे सारे पाहत होतो. यजमानांच्या पाहुण्यांना आपण कसे बोलावे, या भिडेने मी तोंड उघडले नाही.

त्या रात्री मी गोपालकृष्णाच्या वत्सपालनाचे निरूपण केले. श्रोते तल्लीन झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवरून स्नान करून परतताना त्याच वावरावरून आलो. म्हातारी एका मेंढीपाशी बसली होती. मेंढी रात्रीतून गाभडली होती. आदल्या दिवशीच्या धावपळीमुळेच गाभडली, हे शपथेवर कोण सांगणार? परंतु गाभण मेंढीला पळवू नये, हे धनगराच्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. मी ओशाळून म्हणालो, “आजी, मुले लहान होती.” ती शांतपणे म्हणाली, “व्हय म्हाराज, प्वारंच ती. त्यास्नी काय कळतंय? पर थोरली माणसं हुबी हुती न्हवं?”

यजमानांना कळल्यावर त्यांनी धान्य वाढवून दिले. तिने ते घेतले, कारण तिला संसार चालवायचा होता. प्रकरण मिटले. माझ्या मनात मात्र ते मिटले नाही. कारण त्या ‘थोरल्या माणसां’त मीही उभा होतो.

मांडव्यांचा प्रश्न

त्या दिवशी दुसरे कीर्तन होते. उत्तररंगाला ठरविलेले आख्यान मी बाजूला ठेवले आणि महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा लावली.

मांडव्य ऋषी मौनव्रत धरून, बाहू उंचावून आश्रमाच्या दाराशी तप करीत होते. राजाचे रक्षक पाठीशी लागलेल्या चोरांनी लुटीचे द्रव्य त्या आश्रमात लपविले आणि तेही तेथेच दडले. रक्षकांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत. चोर आणि द्रव्य दोन्ही आश्रमात सापडले, तेव्हा राजाने ऋषींनाही चोरांबरोबर सुळावर चढविले. तपोबलाने ते जिवंत राहिले. राजाला आपला अपराध उमगला; परंतु सूळ शरीरातून निघेना, म्हणून तो कापावा लागला आणि त्याचे अग्र अंगात तसेच राहिले. म्हणून त्यांना अणीमांडव्य असे नाव पडले.

पुढे ऋषींनी यमधर्माला जाऊन विचारले, “माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ?” धर्म म्हणाला की, बालपणी तू लहान पाखरांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस, त्याचे हे फळ. ऋषी संतापले. अजाण वयातील अल्प अपराधाला एवढा दंड! त्यांनी धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला आणि तो धर्म दासीच्या पोटी विदुर होऊन जन्मला. त्याबरोबरच ऋषींनी मर्यादाही घालून दिली की, यापुढे चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाला केल्या कर्माचे पातक लागणार नाही.

ही कथा मी अनेकदा सांगितली होती. परंतु त्या दिवशी तिच्यातील एक गोष्ट प्रथमच डोळ्यांसमोर आली. पाखराला वेदना झालीच नाही, असे मांडव्य कोठेही म्हणत नाहीत. ते अपराध नाकारीत नाहीत; त्याला लहान म्हणतात आणि बालकाला त्यातून मुक्त करतात. म्हणजे वेदना खरी आणि अपराधही खरा, केवळ चौदा वर्षांच्या आतील बालक त्याचा धनी नाही. मग धनी कोण? महाभारतात याचे उत्तर शब्दांत दिलेले नाही. माझा तर्क असा की, ज्याला कळत होते आणि जो उभा राहून पाहत होता, तो. मांडव्यांनी मुलांना सोडविले, आपल्याला नव्हे.

कीर्तन संपल्यावर यजमानांचा नऊ-दहा वर्षांचा नातू जवळ आला आणि त्याने विचारले, “बुवा, मग ते पाप कोणाला लागले?” मी म्हणालो, “बाळ, काल त्यातला एक वाटा मला लागला.”

कृष्णाने नाही का शेपट्या धरल्या?

येथे एखादी आजी म्हणेल, “अहो, आमच्या बाळकृष्णानेही वासरांच्या शेपट्या धरल्या होत्या!” खरे आहे. भागवताच्या दशम स्कंधात रामकृष्ण वासरांची शेपटी धरतात आणि वासरे त्यांना ओढीत नेतात, असे वर्णन आहे. पण ते रांगते, दुडदुडते वय आहे आणि तेथे फरपट होते ती बालकांची. त्याच प्रसंगी सांगितले आहे की, शिंगांचे पशू, अग्नी, पाणी, काटे यांपासून या चपळ मुलांना जपता जपता दोन्ही मातांना घरकामही सुचेनासे झाले होते. गोकुळातील आया पाठ फिरवून बसल्या नव्हत्या. त्यांचे डोळे मुलांवर होते.

आणि पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. मुले थोडी मोठी होताच त्यांच्याकडे वासरे राखण्याचे काम आले, तेही व्रजापासून फार दूर नाही. गाईंची जबाबदारी त्यानंतर, आणखी वाढल्या वयात आली. कार्तिक शुद्ध अष्टमीला आपण गोपाष्टमी करतो ती याच प्रसंगाच्या स्मरणार्थ. आधी लहान मुलाला लहान जीव, मग मोठ्या मुलाला मोठा जीव, असे हे क्रमाक्रमाचे शिक्षण आहे. म्हणून मुलांना जनावरांपासून दूर ठेवा, असे मी मुळीच म्हणत नाही. जो मुलगा गाईला हातच लावत नाही, त्याला दया कोठून येणार? त्याला हात लावू द्यावा, पण कसा लावावा हे कोणीतरी शिकवावे.

तो पाठ कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाने घालून दिला आहे. नंदिनीची सेवा करताना तो चक्रवर्ती तिच्या गतीने चालतो, ती थांबली की थांबतो, ती बसली की बसतो. तिला कोवळे गवत देतो, अंग खाजवतो, डास-माश्या वारतो आणि तिला हवे तेथे जाऊ देतो. एकवीस दिवस हा राजा एका गाईची सावली होऊन राहिला. गाईला आपल्या तालावर पळविण्यात पुरुषार्थ आहे, असे त्याला वाटले नाही.

मुक्या जीवाला काय कळते?

आजचे पशुवैद्य सांगतात तेही या पाठाला पोषकच आहे. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला सभोवतालचे जवळजवळ सारे दिसते. नेमके पाठीमागचे तेवढे दिसत नाही. म्हणून मागून धावत येणारे मूल तिला अचानक आलेल्या संकटासारखे भासते, आणि लाथ बसते. माणसाला ऐकू न येणारे उंच स्वर तिला ऐकू येतात. मुलांच्या किंकाळ्या आणि फटाके तिला किती बोचत असतील, याची कल्पना करावी. दिवसाचे सहा ते आठ तास ती रवंथात घालविते. बसलेले जनावर रिकामे बसलेले नसते, ते आपले अन्न पचवीत असते. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हा आपल्या गवळणींचा अनुभव. भीतीने शरीरात जे द्रव्य स्रवते ते पान्ह्याला अडवते, अशी त्याची शास्त्रीय उपपत्ती आहे. कोंबड्या घाबरल्या की एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि तळच्या गुदमरून मरतात. मेंढी पाच महिने, गाय नऊ महिन्यांहून थोडे अधिक आणि म्हैस सुमारे दहा महिने गर्भ वाहते. मुलांचा अर्ध्या घटकेचा खेळ मालकाच्या इतक्या महिन्यांच्या आशेवर पाणी पाडू शकतो.

नुकतीच व्यालेली गाय वासराजवळ कोणाला येऊ देत नाही, आणि तिच्या शिंगापुढे आपले मूल आले तर दोष गाईचा नसतो. वसुबारसेला आपण ज्या वात्सल्याची पूजा करतो, तेच ते वात्सल्य. राज्यघटनेतही १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली, तेव्हा प्राणिमात्राविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतील एक कर्तव्य ठरले. आपल्या घरी तर ते त्याहून पुष्कळ जुने आहे.

एवढे जपावे

तेव्हा यंदा मुलांना रानात जरूर न्यावे, पण निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगाव्यात. मालकाला विचारल्यावाचून जनावराजवळ जाऊ नये. जावयाचे ते समोरून किंवा बाजूने, त्याला दिसेल असे, हळू पावलांनी जावे. आई आणि पिलू यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. बसलेल्याला उठवू नये, चरणाऱ्याला पळवू नये. खाऊ घालावयाचा तर विचारून. पुरणपोळ्या, भात किंवा धान्य एकदम पुष्कळ घातले तर गाईचे पोट बिघडते, प्रसंगी ते जिवावरही बेतते. नैवेद्याचा घास लहानच असावा आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट तर कधीच नसावा. गोठ्याजवळ फटाका वाजवू नये.

आणि मुलाने चूक केलीच, तर त्याला मारू नये, रागावूही नये. मांडव्यांनी त्याला अभय दिले आहे. त्याचा हात धरून त्याला थांबवावे आणि ज्याचे जनावर, त्याची क्षमा मात्र आपण स्वतः मागावी. मूल ते पाहते. बहुधा तेवढ्यानेच ते शिकते.

वसुबारसेच्या सायंकाळी नातवंडाला ओवाळणीच्या ताटाजवळ उभे करा. त्याचा तळहात वासराच्या पाठीवर अलगद ठेवा आणि थोडा वेळ काही बोलू नका. कातडीखाली चाललेला श्वास त्याला हाताशी लागेल. त्या कृष्णाकाठच्या दुपारी मला एवढे सुचले असते, तर एका म्हातारीची पहाट वेगळी उजाडली असती.