धुरांड्याचा पाइप बदलायची वेळ

कर्नाटकातल्या अणशीसारख्या सह्याद्रीच्या गावात पावसाळ्यात लाकडं कितीही झाकली तरी ओल धरतात, आणि त्याची किंमत धुरांडं मोजतं. याच कर्नाटकात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८०च्या दशकात ‘अस्त्र ओले’ ही धुरांड्याची चूल घडवली गेली. अशा चुलीचा जीव पाइपात असतो.

गरम धूर हलका, म्हणून वर चढतो. त्या ओढीने चुलीत ताजी हवा येते. ओल्या लाकडाच्या धुरात मात्र वाफ आणि डांबरी अंश भरपूर. पाइप गार असला की ते आत थिजून थर बसतो. वाट अरुंद होते, ओढ मंदावते, धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात परततो. हा थर पेटूही शकतो. शिवाय आम्लधर्मी ओलीने पत्रा आतून गंजतो, बाहेरून धडधाकट दिसतो. हेच सगळ्यात धोक्याचं.

नवा पाइप शक्यतो स्टेनलेस स्टीलचा, सरळ, कौलांच्या वर निघणारा, लाकडी वाशांपासून अंतर राखलेला हवा. जुना सिमेंटचा पाइप अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो कापू नका, फोडू नका. त्याच्या धुळीने फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पाइप मे महिन्यातच आतून तपासून घ्या.