दोनदा ‘मेलेले’ झाड

झाडावर एकही पान उरले नाही म्हणजे ते झाड मेले, असे म्हणता येईल का? माघ-फाल्गुनात निष्पर्ण झालेला पळस किंवा सावर तुम्ही पाहिली असेल, तर तुम्ही लगेच ‘नाही’ म्हणाल. पण अमेरिकेत आणि युरोपात घराच्या बागेत लावले जाणारे एक झाड पानगळ होताच मेले असे समजून तोडून टाकल्याचे प्रकार घडले आहेत. त्या झाडाचे नाव डॉन रेडवुड. इंग्रजीत डॉन म्हणजे पहाट. त्याचे शास्त्रीय नाव मेटासेक्वोया ग्लिप्टोस्ट्रोबॉइडिस.

अशी चूक का होते? डॉन रेडवुड हा सूचिपर्णी वृक्ष आहे. पाइन, देवदार, सुरू-सायप्रस ही या गटातली झाडे बहुधा बारमाही हिरवी असतात. असे झाड शरद ऋतूत तांबूस झाले आणि उघडे पडले, तर त्याला रोग लागला असावा असे कोणालाही वाटेल. पण सूचिपर्णी वृक्षांतही लार्च, बाल्ड सायप्रस अशी काही थोडी झाडे पानझडी आहेत. डॉन रेडवुड त्यांपैकीच एक. त्याची पाने एकेकटी गळत नाहीत. पिसासारखी दिसणारी बारीक डहाळी पानांसकट खाली पडते. वसंत ऋतू आला की पोपटी पालवी फुटते आणि झाड पुन्हा हिरवेगार होते.

आधी दगडात, मग डोंगरात

या झाडाला मेलेले ठरवण्याची ही पहिली वेळ नव्हे. शास्त्रज्ञांनीही एकदा तसेच मानले होते! शिगेरू मिकी हे जपानी शास्त्रज्ञ वनस्पतींचे जीवाश्म अभ्यासत असत. सेक्वोया किंवा बाल्ड सायप्रस या वृक्षांचे म्हणून ठेवलेले काही जीवाश्म त्यांना निराळे वाटले. त्या दोन्ही झाडांची पाने डहाळीवर एकाआड एक असतात. या जीवाश्मांत मात्र ती समोरासमोर होती. १९४१ साली मिकींनी या वनस्पतीला मेटासेक्वोया हे नवे नाव दिले. तोवर जिवंत मेटासेक्वोया कोणाही शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हता. तो लक्षावधी वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, असेच समजले जाई.

योगायोग पाहा. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात मध्य चीनमधल्या मोदाओशी या खेड्यात गान दुओ या वनशास्त्रज्ञांना एक प्रचंड अनोळखी झाड दिसले. परंतु पाने गळून गेली होती, त्यामुळे ओळख पटवण्याजोगे नमुने मिळाले नाहीत, असे सांगतात. गावकरी त्याला ‘शुइ-शान’, म्हणजे पाण्याजवळचे सूचिपर्णी झाड, म्हणत. १९४३ साली वांग झान या वनअधिकाऱ्याने पाने आणि शंकू गोळा केले. पुढे हू शियानसू यांनी हे नमुने मिकींच्या वर्णनाशी ताडून पाहिले आणि दगडातले झाड डोंगरात जिवंत आहे हे ओळखले! १९४८ साली हू आणि झेंग वानजून यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या आर्नल्ड वृक्षोद्यानात त्याचे बी येऊन पोहोचले आणि तेथून ते अनेक देशांतल्या उद्यानांना वाटण्यात आले.

पाने का गाळतो?

एके काळी हा वृक्ष उत्तर गोलार्धात दूरवर पसरला होता. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक प्रदेशातल्या ॲक्सेल हायबर्ग बेटावर, त्याच्या जंगलाचे सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे सापडले आहेत. त्यांचा दगडही झालेला नाही. ते अजून लाकूडच आहे. तेव्हा तेथील हवा आजच्यापेक्षा पुष्कळ उबदार होती. पण हिवाळ्यात सूर्य मात्र कित्येक महिने उगवत नसे. उजेड नाही म्हणजे पानांना अन्न तयार करता येत नाही. श्वसनाचा खर्च तर चालूच राहतो. अशा वेळी पाने टाकून झोपी जाणे फायद्याचे. या वृक्षाची पानगळ त्या लांबलचक रात्रींतून आली असावी, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. सर्वांना हे मत मान्य नाही. त्यावर प्रयोग झाले आहेत आणि वादही चालू आहे.

जागा कशी निवडावी?

झाडाचे मूळ घर कळले की त्याच्या गरजा कळतात. चीनमध्ये तो थंड, ओलसर दऱ्यांत, ओढ्यांच्या काठी वाढतो. म्हणून त्याला खोल, सेंद्रिय द्रव्ये असलेली, किंचित आम्लधर्मी आणि ओल धरणारी जमीन मानवते. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. भरपूर ऊन मात्र हवेच. दाट सावलीत तो खुरटतो.

दुसरी गोष्ट उंचीची. कुंडीतले गुडघ्याएवढे रोप पाहून फसू नका! चांगल्या जागी लहान झाड वर्षाला पाऊण ते एक मीटर वाढते. १९४८ च्या बियांपासून झालेली काही झाडे ३० मीटरांच्या वर गेली आहेत, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढी. तेव्हा घराची भिंत, विजेच्या तारा आणि सांडपाण्याचे नळ यांपासून निदान आठ-दहा मीटर दूर लावावे. लहान अंगणात हे झाड लावूच नये.

तिसरी गोष्ट, खोलगट जागा टाळावी. थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून घसरून खोलगट भागात साचते. वसंतात पालवी फुटल्यावर तेथे दव गोठले, तर कोवळी पाने करपतात. झोपलेले झाड शून्याखाली २५-३० अंशांची थंडी सोसते, पण जागे झालेल्या पालवीला थोडीशी थंडीही बाधते.

निगा कशी राखावी?

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद खणावा, पण गोळ्यापेक्षा खोल नको. खोड आणि मुळे जेथे मिळतात तो भाग जमिनीच्या पातळीवर राहिला पाहिजे. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे पाच-सात सेंटिमीटर जाड आच्छादन घालावे. ते खोडाला मात्र टेकू देऊ नये, नाही तर साल कुजते. पहिली दोन वर्षे कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज शिंपडलेल्या थोड्या पाण्याने मुळे वरच्यावर राहतात. खोल मुरलेल्या पाण्यामागे ती खाली जातात. उन्हाळ्याच्या अखेरीस खत देऊ नये. त्याने उशिरा कोवळी वाढ होते आणि ती थंडीत सापडते.

छाटणीची गरज जवळजवळ नाहीच. झाड आपोआप शंकूसारखा सुबक आकार घेते. दोन शेंडे फुटले तर एक काढावा, इतकेच. खालच्या फांद्या राहू द्याव्यात. वयाबरोबर बुंधा रुंदावतो, त्यावर खोल पन्हळी पडतात आणि झाडाची खरी शोभा तीच आहे.

नवी रोपे छाट कलमाने सहज होतात. एकट्या झाडाचे बी मात्र पुष्कळदा पोकळ निघते, कारण त्याला दुसऱ्या झाडाचे पराग मिळत नाहीत.

नखाची परीक्षा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हिवाळ्यात झाड मेले की झोपले, हे कसे ओळखावे? बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा थर दिसला तर ती वाळली आहे. एकच फांदी पाहून निकाल देऊ नये. चार-पाच ठिकाणी पाहावे आणि तरीही शंका राहिली, तर वसंतापर्यंत थांबावे.

महाराष्ट्राच्या उष्ण मैदानी प्रदेशात या झाडाला हवी तशी थंडी आणि वर्षभर ओल मिळत नाही. तेव्हा ते येथे लावण्याचा आग्रह नको. पण नखाची परीक्षा तुम्हाला येथेही करता येईल. उन्हाळ्यात पळसाची किंवा सावरीची एखादी बारीक डहाळी खरवडून पाहा. पेरूची पाने समोरासमोर आणि जास्वंदीची एकाआड एक असतात, हेही जवळ जाऊन पाहा. अशाच फरकांवरून मिकींनी एक नवा वृक्ष ओळखला होता.

चीनमध्ये आता रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेला ही झाडे लाखोंनी लावली आहेत. रानात आपसूक वाढलेली मोठी झाडे मात्र काही हजारच उरली असून ही जाती धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. कोट्यवधी वर्षे टिकलेले झाड अंगणात एका गैरसमजापायी कुऱ्हाडीखाली जाऊ नये. त्यासाठी लागते एक नख आणि थोडा धीर.