पोर्ट उघडं आहे का? बघा जरा!

दिवाळीची सुट्टी, भंडाऱ्याचं घर, आईच्या हातचे अनारसे आणि... बॉसचा फोन! ‘अरे, ती फाइल पाठव ना, पाचच मिनिटांचं काम आहे.’ लॅपटॉप उघडला, तर ऑफिसचा व्हीपीएन कनेक्टच होईना. गुगल मस्त चालतंय, मेल येतायत, मग घोडं अडलं कुठे?

अशा वेळी आपण काय करतो? रीस्टार्ट! त्याने भागलं नाही की आयटीवाल्याला फोन. तो दिवाळीत उचलणार थोडाच! पण त्याने एकदा शिकवलेला फंडा आठवला: ‘आधी पोर्ट उघडं आहे का बघ.’

बिल्डिंग, फ्लॅट आणि वॉचमन

सोप्पं आहे. आयपी अॅड्रेस म्हणजे बिल्डिंगचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. ० ते ६५,५३५ इतके नंबर असतात. सुरक्षित वेबसाइट राहते ४४३ मध्ये, विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ मध्ये, तर रिमोट डेस्कटॉप ३३८९ मध्ये. फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ नावाची कमांड आहे. तिला पत्ता आणि पोर्ट नंबर द्यायचा. उघडलं तर उत्तमच. पटकन नकार आला, तर बहुतेक वेळा बिल्डिंग सापडली, पण त्या फ्लॅटमध्ये कुणी नाही, म्हणजे तिकडचा प्रोग्राम बंद आहे. आणि बराच वेळ लटकून काहीच उत्तर आलं नाही, तर वॉचमनने गेटवरच अडवलं असावं किंवा पत्ताच चुकला असावा.

माझं लटकलं. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीच टेस्ट केली. झटक्यात उघडलं! म्हणजे ऑफिस निर्दोष, लॅपटॉप निर्दोष. गुन्हेगार घरातला राउटर.

आणि मग धक्का

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि व्हीपीएनची अडवणूक काढली. फाइल गेली, बॉस खूश. पण तिथेच आणखी दोन ओळी दिसल्या. घराला लागून आमची राइस मिल. तिच्या कॅमेऱ्यांसाठी एक पोर्ट आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरसाठी ३३८९, दोन्ही थेट इंटरनेटवर उघडी! कधीतरी कुणीतरी ‘घरबसल्या दिसेल’ म्हणून उघडून दिलेली आणि सगळे विसरलेले. मोबाइल डेटावरून बघितलं, तर कॅमेऱ्याचं लॉगिन समोर हजर. पासवर्ड? कंपनीतून आला तोच!

किती शेतकऱ्यांच्या धानाचे पैसे त्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेले. पोटात गोळाच आला.

ही भीती उगाच नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ सुटला, तो ४४५ च्या वाटेने. दीडशेहून जास्त देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती टाकायची राहिली होती. जूनमध्ये आला ‘नॉटपेट्या’. आतल्या नेटवर्कमध्ये पसरायला त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक तीच, ४४५. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. कॉम्प्युटरचं पोर्ट उघडं राहिलं आणि समुद्रावरचं पोर्ट अडकलं!

तर २०१६ मध्ये ‘मिराई’ने कंपनीचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले होते. भंडारा काय नि बोस्टन काय, असली दारं शोधणारे प्रोग्राम गाव बघत नाहीत.

‘काहून रे, दिवाळीच्या दिवशी काय करून राहिला?’ बाबांनी विचारलं. दोन्ही पोर्ट बंद केली म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ‘मंग नागपूरले गेलो तं मिल कशी दिसन मले?’

प्रश्न रास्त होता. म्हणून राउटरवरच व्हीपीएन लावून दिला. दार एकच, तेही भक्कम कुलपाचं. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, सगळ्याला अपडेट दिले.

तुम्हीही करून बघा

• कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट’ चालवा, पुढे डॅश आणि ए, एन ही अक्षरं. ‘लिसनिंग’ दिसेल ते पोर्ट कुणाची तरी वाट बघतंय. कुणाची, ते कळायला हवं.
• बाहेरून टेस्ट करताना वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरा. घरातून घराचं दार वाजवून काय कळणार?
• अडचण सोडवायला पोर्ट उघडलंत, तर काम झाल्यावर बंद करा आणि पुन्हा टेस्ट करा.
• टेस्ट फक्त आपल्या किंवा परवानगी मिळालेल्या मशीनवर. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात, तर आयटी कायदा २००० नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मिठाईचा बॉक्स न्याच, पण दहा मिनिटं घरच्या राउटरलाही द्या. रात्री कडी लावली का, हे आई रोज बघते. हे दार आपण बघायचं!